पोलिश ‘सायगोन्की’ या शब्दाचे मूळ आणि त्याचे एकवचन काय?

पोलंडमधील व्हिएतनामी उपाहारगृहांत मिळणाऱ्या तळलेल्या स्प्रिंग रोलला ‘सायगोन्की’ म्हणतात आणि हे नाव सायगोन शहरावरूनच आलेले आहे. ते पोलंडमध्ये घडलेले आहे; व्हिएतनामच्या उत्तरेत याच पदार्थाला ‘नेम रान’, तर दक्षिणेत ‘चा जो’ म्हणतात. समाजवादी राजवटीत शिक्षणासाठी आलेले आणि पुढे 1990च्या दशकात वॉर्साच्या बाजारपेठांत स्थिरावलेले व्हिएतनामी लोक या खाद्यपदार्थाच्या प्रसाराला कारणीभूत ठरले. 1976 मध्ये सायगोनचे अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी झाले, तरी पोलिश ताटात जुनेच नाव टिकले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

एकवचन ‘सायगोन्का’ असे आहे. शहराचे नाव पुल्लिंगी असून त्याला ‘-का’ हा प्रत्यय लागताच शब्द स्त्रीलिंगी होतो. आपल्याकडे पैठणवरून ‘पैठणी’ झाली, तशीच ही घडण आहे. शहराचे नाव मोठ्या अक्षराने, पदार्थाचे मात्र लहान अक्षराने लिहितात.

खरी अडचण रूपे चालवताना येते. चतुर्थी आणि सप्तमीच्या एकवचनात ‘क’चा ‘त्स’ होऊन ‘सायगोन्त्से’ असे रूप मिळते, तर षष्ठीच्या अनेकवचनात शेवटचा ‘आ’ गळून ‘क’च्या आधी ‘ए’ येतो आणि ‘सायगोनेक’ होते. म्हणून दोन नगांसाठी ‘द्विये सायगोन्की’, पण पाच नगांसाठी ‘पिएंच सायगोनेक’ असे म्हणावे लागते, कारण पोलिशमध्ये पाचपासूनच्या संख्यांपुढे नाम सामान्यतः षष्ठीच्या अनेकवचनात येते.