चेंबर उघडं, अन् रस्ता कुणाचा ते कुणी सांगेना

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका महापालिका असलेल्या शहराच्या कडेला आमची वसाहत आहे. माझं किराणा दुकान आहे. मुलगी नववीत शिकते, सायकलवर शाळेला जाते. तीन महिन्यांपूर्वी मोठ्या रस्त्याच्या कडेला नालीवरच्या लोखंडी जाळीत तिचं पुढचं चाक अडकलं. जाळीचे दोन गज आधीपासूनच गायब होते. लेकराचं मनगट मोडलं, पुढचा एक दात गेला. तिथून थोडं पुढं ड्रेनेजचं चेंबर कित्येक महिने उघडं आहे, लोकांनी त्यात बाभळीची फांदी खोचून ठेवलीय. शेजारच्या आजी अंधारात त्यात पडता पडता वाचल्या. महापालिका म्हणते रस्ता बांधकाम विभागाचा. बांधकाम विभाग म्हणतो आम्ही केव्हाच हस्तांतरित केला. नगरसेवक म्हणतात, बघून घेऊ. पोलिसांची भानगड नको म्हणून दवाखान्यात आम्ही ‘घरात पडली’ असं सांगितलं होतं. माझ्या दुकानाचा ओटा आणि पत्रा नालीवर थोडा पुढं आलेला आहे. तक्रार केली तर आधी माझंच पाडतील का? वर्गणी काढून आम्हीच झाकण बसवावं का? आणि दवाखान्याचा खर्च कुणाकडून मिळेल का?

उत्तर : भाऊ, ओट्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझ्या मते तुमचं पाऊल तिथंच अडलंय. म्हणून आधी तेच. हो, पाडू शकतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ प्रमाणे रस्त्यावरचं, नालीवरचं असं अतिक्रमण आयुक्तांना नोटीस न देताही काढता येतं. तुम्ही तक्रार करा किंवा करू नका, हा अधिकार त्यांच्याकडे आहेच. फरक एवढाच की तक्रारदाराचा ओटा लवकर नजरेत भरतो. माझा सल्ला कडू आहे: नालीवर आलेला भाग स्वतःहून काढा, काढण्याआधीचा आणि नंतरचा फोटो ठेवा, मगच अर्ज लिहा. पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा मागायचा आणि आपला पत्रा मात्र त्यावरच ठेवायचा, हे कोर्टात एका मिनिटात उघडं पडतं. उच्च न्यायालयात तर स्वच्छ हातानं आला नाहीत एवढ्यावरच याचिका बाजूला पडू शकते. चार फूट पत्रा गेला तर दुकान बंद पडत नाही.

दुसरी अडचण दवाखान्याच्या कागदाची. समोरचा वकील पहिल्या दिवशी तोच कागद काढणार. पण जुन्या कागदावर काही खाडाखोड करू नका, डॉक्टरांना करायलाही सांगू नका. डॉक्टरांकडे जाऊन खरं काय घडलं ते सांगा आणि त्यांनी ते आजच्या तारखेनं स्वतंत्र नोंदवावं अशी लेखी विनंती करा. तुमचं आणि मुलीला उचलून आणणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. घाबरून असं सांगितलं, हे त्यात सरळ लिहा. पोलिसांची चौकशी टाळायला दवाखान्यात भलतंच कारण सांगणारे आईबाप न्यायाधीशांनी पुष्कळ पाहिलेले असतात. कारण पटण्यासारखं असलं तर तेवढ्यानं दावा बुडत नाही. सायकल दुरुस्त केली असेल तर वाकलेला रिम दुकानदाराकडून परत आणा, भंगारात जाऊ देऊ नका. जाळीचे फोटो काढताना टेप लावून दोन गजांमधली फट दिसेल असे काढा, आणि एक फोटो जरा लांबून, शेजारचं दुकान किंवा विजेचा खांब ओळखू येईल असा. मोबाईलमधल्या फोटोंना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या प्रकरणात तुमच्या बाजूनं सर्वांत जड कागद कोणता असेल, तर आवक विभागाचा शिक्का मारलेली तक्रारीची पोच. तोंडी सांगितलेलं, नगरसेवकाला फोनवर कळवलेलं, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलेलं कोर्टात फार टिकत नाही. कारण सांगतो. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेला चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली त्याबद्दल जबाबदार धरलं. मनोरा तुमचा, तुमच्या ताब्यात, तो आपोआप कोसळत नसतो, असा त्याचा सूर. पण १९९७ मध्ये राजकोटच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं वेगळा निकाल दिला. रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस दगावला, तरी महापालिका सुटली. झाड पडेल याची पालिकेला कल्पना असणं कठीण होतं, असं धरलं गेलं. मला राजकोटचा निकाल फारसा पटत नाही, पण तो आहे, आणि पालिकेचे वकील तो खिशात घेऊनच येतात. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ या बचावाला उत्तर एकच: या तारखेला, या आवक क्रमांकानं आम्ही तुम्हाला कळवलं होतं. तुमच्या मुलीच्या अपघाताआधी कुणी असा अर्ज दिला होता का, ते वसाहतीत विचारा. आजींच्या घरच्यांनी किंवा शाळेनं दिला असेल तर तो कागद सोन्याचा. नसेल तर आज द्या, निदान पुढच्या माणसासाठी आणि चेंबरसाठी तो उपयोगी पडेल.

रस्ता कुणाचा, हे तुम्ही शोधत बसू नका. एकच पत्र लिहा, वर महापालिका आयुक्त आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता दोघांचीही नावं टाका, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या, तिन्ही ठिकाणी पोच घ्या. त्यात जाळी आणि चेंबर वेगवेगळे लिहा. रस्ता बांधकाम विभागाचा असला तरी शहरातली ड्रेनेजची व्यवस्था राखणं हे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ खाली महापालिकेचं बंधनकारक काम आहे, त्यामुळे चेंबरच्या बाबतीत पालिकेला ‘रस्ता आमचा नाही’ म्हणून सुटता येणार नाही. जाळीबाबत वाद होऊ शकतो. त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर परत येतो. मागायचं काय? रस्ता हस्तांतरणाचं पत्र, नालीच्या कामाचा कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर), ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत आहे ते. तो कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते, आणि अधिकारी हे बहुतेक वेळा विसरलेले असतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. मात्र उत्तराची वाट बघत बाकीची कामं थांबवू नका.

चेंबर झाकून घ्यायचं असेल तर माझ्या मते दिवाणी दाव्यापेक्षा प्रांताधिकाऱ्यांची वाट जवळची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. सार्वजनिक रस्त्यावरचा उपद्रव दूर करायला किंवा रस्त्यालगतच्या खड्ड्याला कुंपण घालायला सशर्त आदेश देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे इथं प्रांतांना, आहे. फी नगण्य, साक्षीपुरावे थोडके. याच कलमाखाली मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वॉर्डातले लोक उघड्या नाल्यांविरुद्ध गेले होते. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती सबब फेटाळली. आपल्याकडच्या पालिकांची तिजोरी पाणीपट्टी आणि घरपट्टीच्या थकबाकीनं कायम रडत असते हे खरं आहे, पण एका झाकणाला तिजोरी लागत नाही. अर्जावर वसाहतीतल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घ्या, आजींना अर्जदार करा. सुनावणीच्या तारखेला आजी हजर राहिल्या तर साहेबांना फार समजवावं लागणार नाही.

वर्गणी काढून झाकण बसवण्याबद्दल. लोखंडी पिंप, दगड, लाल कापड, रात्री चमकणारी पट्टी, असं तात्पुरतं कुंपण जरूर करा, आजच करा. पण सिमेंटचा स्लॅब टाकून चेंबर बंद करू नका. पावसाळ्यात पाणी तुंबून कुणाच्या घरात शिरलं तर ठपका तुमच्यावर येईल, आणि पालिकेच्या मालमत्तेला हात लावला म्हणून तक्रार होईल ती वेगळीच. जाळीवर तात्पुरती प्लेट टाकायची असेल तर आधी अर्जात ‘तोपर्यंत आम्ही अमुक करत आहोत’ असं लिहून टाका.

आता खर्चाचं. मुंबई उच्च न्यायालयानं रस्त्यांच्या खड्ड्यांबाबत २०१३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती. चांगल्या स्थितीतले रस्ते आणि पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, हे त्यातच २०१५ साली ठरलं. पुढे १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. पैसे अर्जापासून सहा ते आठ आठवड्यांत मिळायला हवेत, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. कळवलेला खड्डा ४८ तासांत बुजवायचा, हेही त्यातच आहे. ही भरपाई घेतली म्हणून दिवाणी दाव्याचा हक्क जात नाही.

एक खोच आहे. आदेश खड्डे आणि मॅनहोल म्हणतो, तुमची मुलगी पडली जाळीत. पालिकेकडून त्यावर वाद होणार हे धरून चला. म्हणून अर्जात ‘जाळी तुटलेली होती’ एवढंच लिहू नका, ‘नालीचं तोंड दोन गज नसल्यामुळं उघडं होतं’ असं लिहा, कारण वस्तुस्थिती तीच आहे. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथं जाऊन समितीकडे अर्ज कसा घेतात आणि आदेशात पुढं काही बदल झालाय का, ते विचारून घ्या. तिथंच मोफत वकीलही मागा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तुमच्या दुकानाची उलाढाल कुणी विचारणार नाही.

याच समितीसाठी पोलिसांची नोंदही लागेल. तुम्ही टाळलीत ती भानगड आता करावीच लागणार. दात पडणं किंवा हाड मोडणं ही कायद्यानं ‘गंभीर दुखापत’ आहे, आणि निष्काळजीपणानं ती झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं. ठाणेदार गुन्हा घेणार नाहीत असं वाटलं तरी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, नाही घेतली तर तीच पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टनं पाठवा. कुणी अभियंता तुरुंगात जाईल या आशेनं हे करू नका, ते बहुधा होत नाही. आपल्याला हवीय ती नोंद.

मुदतीकडं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. महापालिकेवर भरपाईचा दावा करायचा तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. तीन महिने तर गेलेच. बांधकाम विभाग म्हणजे राज्य शासन. त्यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. दोघांवर एकत्र जायचं असेल तर दोन्ही नोटिसा या पंधरवड्यात निघायला हव्यात, नाहीतर दावा तयार करायला हातात दिवसच उरणार नाहीत. मुलगी अल्पवयीन आहे म्हणून मुदत वाढते असं म्हणता येतं, पण त्या भरवशावर बसू नका. दावा तिच्या नावानं, तुम्ही वादमित्र म्हणून, म्हणजे तिच्या वतीनं, दाखल करायचा. खर्चाची बिलं, मनगटाचे एक्स-रे, दात बसवायचा दंतवैद्याचा अंदाज, शाळा बुडाल्याचं मुख्याध्यापकांचं पत्र, सगळं एका फाईलीत लावून ठेवा.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जनहित याचिका करावी असं तुम्हाला कुणीतरी सुचवणारच. आत्ता नको. एका चेंबरसाठी ती तोफ आहे, आणि ‘खाली अर्ज केला का?’ हा पहिला प्रश्न येईल. प्रांतांचा आदेश होऊनही पालिका हलली नाही, किंवा समितीनं अर्ज दाबून ठेवला, तर मग उच्च न्यायालयात रिट याचिका. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचा १४ मे २०२५ चा आदेशही हाताशी असेल. पादचाऱ्यांना अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ मिळणं हा अनुच्छेद २१ खालचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

नगरसेवकांशी वाकडं घेऊ नका. ‘बघून घेऊ’ म्हणालेत ना, तर त्यांच्याकडून लेटरहेडवर आयुक्तांच्या नावानं पत्र मागा, जाळी आणि चेंबर दोन्हीचा उल्लेख असलेलं. दिलं तर तुमच्या फाईलीत आणखी एक पुरावा आला. नाही दिलं तरी प्रांतांकडच्या अर्जाला त्यांची सही लागत नाही.