मध्येच परत फिरता येईल का?

ताई, लग्नानंतर दोन वर्षं आम्ही परदेशात राहतोय. पहिल्यांदाच दिवस गेलेत, आता २२वा आठवडा आहे. बाळ चार महिन्यांचं होईल तेव्हा नवऱ्याचं इथलं काम संपेल आणि आम्ही परत जाऊ. पुन्हा इकडे येणं होईल असं वाटत नाही, म्हणून फ्रिजवर ११ ठिकाणांची यादी लावलीय. दर शनिवार-रविवारी एक ठिकाण. तीन झाली. गेल्या वेळी रांगेत गरगरलं. मी स्वच्छतागृहात जाऊन दहा मिनिटं बसले आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "आत गर्दी होती." तो इतक्या हौसेने सगळं ठरवतो की मला बोलवत नाही. आई फोनवर म्हणते, "हे दिवस भटकायचे नाहीत, काही झालं तर तिथे कोण आहे तुझं?" म्हणून आता तिला सांगतच नाही कुठे गेलो ते. घरात बसले की दिवस वाया चालल्यासारखे वाटतात. बाहेर पडले की वाटतं, मी बाळाचा विचारच करत नाही. जाऊ की नको?
– यादीत अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

जा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुझा जीव त्यातच अडकून राहील. रक्तस्राव, वार खाली असणं, गर्भाशयाचं तोंड आखूड होणं, वाढलेला रक्तदाब, जुळं असं काही नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर हिंडण्याफिरण्याने बाळाला इजा होत नाही. १४ ते २८ आठवड्यांचा काळ तर बहुतेकींना सगळ्यात सोपा जातो. उलट्या मागे पडलेल्या असतात आणि पोट अजून चालणं अडवण्याइतकं वाढलेलं नसतं. तू त्याच काळात आहेस.

बाळाचा विचार करत नाही, हे मात्र मनातून काढून टाक. गरगरल्यावर तू रांग सोडलीस, बसायला जागा शोधलीस, दहा मिनिटं थांबलीस. हे सगळं बाळासाठीच होतं. चूक झाली ती बाहेर आल्यावर, "आत गर्दी होती" म्हणालीस तिथे.

ही चूक मी ओळखते, कारण मी ती केलेली आहे. माझ्या पहिल्या वेळी मीही परक्या देशात होते. सहावा महिना होता आणि आम्ही एका जुन्या मनोऱ्यावर चढलो. आतला जिना गोल, दगडी, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, धरायला कठड्याऐवजी भिंतीला बांधलेला जाड दोर. साठेक पायऱ्या झाल्या आणि मला धाप लागली. मागे माणसं, पुढे माणसं. उतरायचा जिना वेगळा होता आणि वर पोचल्याशिवाय तो मिळणार नव्हता. नवरा माझ्या थोडा पुढे होता, मला त्याचे बूट तेवढे दिसत होते. हाक मारली असती तर तो थांबला असता. मी मारली नाही. वर पोचले तेव्हा पोट दगडासारखं कडक झालं होतं. तिथून अख्खं शहर दिसायचं म्हणे, पण मला आज आठवतो तो दोर, हजारो हातांनी गुळगुळीत आणि तेलकट झालेला. अर्ध्या तासाने पोट सैल पडलं, पुढे सगळं नीट झालं. पण त्यानंतर कुठेही जायचं म्हटलं की मी एकच गोष्ट बघायचे: इथून मध्येच परत फिरता येईल का?

तुझी यादी फ्रिजवरून काढ आणि राहिलेल्या आठ ठिकाणांना हा प्रश्न विचार. जागा अवघड आहे की सोपी, याने फारसं ठरत नाही. नदीकाठी दोन तास चालणं ऐकायला जास्त वाटतं, पण कुठल्याही बाकावर थांबून तिथूनच घरी येता येतं. चार तासांची बोटीची फेरी आरामाची वाटते, पण तासाभराने कंबर धरली, पोटात दुखायला लागलं, तर बोट तुझ्यासाठी काठाला लागत नाही. बसने दिवसभर फिरवणाऱ्या सहलीचं तेच. रोपवेने डोंगरावर जायचं असेल तर वरची उंची आधी बघ. २,५०० मीटरच्या वर हवा विरळ होते. शरीराला सवय नसताना काही मिनिटांत तिथे पोचायचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरम पाण्याचे झरे आणि सौना या दिवसांत टाळायचे, कारण आईच्या शरीराचं तापमान फार वाढणं बाळाला सोसत नाही. समुद्राखाली डायव्हिंग यादीत असेल तर आजच खोडून टाक.

आता त्या गरगरण्याबद्दल, कारण तू ते एका ओळीत उरकलंस. या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि रक्तदाब एरवीपेक्षा थोडा खाली असतो. एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि डोकं हलकं होतं. म्हणून चालण्यापेक्षा रांग वाईट, आणि संग्रहालयात प्रत्येक चित्रापुढे चार-चार मिनिटं उभं राहणं त्याहून वाईट. वेळ ठरवून मिळणारं तिकीट काढ. दारावर सांग की मी गरोदर आहे. बऱ्याच ठिकाणी पुढे सोडतात, काही संग्रहालयांत घडीचं स्टूल मिळतं, पण मागावं लागतं. मागायला लाजू नकोस. उपाशीपोटी निघू नकोस आणि पाण्याची बाटली हातातच ठेव. पुन्हा गरगरलं तर लगेच बस, आडवं व्हावंसं वाटलं तर पाठीवर नको, डाव्या कुशीवर. आणि हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांग. रक्त कमी असलं तरी असंच होतं आणि ते एका साध्या तपासणीत कळतं.

लांबचा प्रवास असेल तर आणखी थोडं. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि गरोदरपणात तो आधीच जास्त असतो. कडेची सीट घे, तासा-दीड तासाने उठून चाल, घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घे. गाडीत पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून, मांड्यांच्या वर लावायचा आणि तिरका भाग छातीच्या मधून पोटाच्या कडेने घ्यायचा. पोटावरून पट्टा कधीच नको. विमानात एकच बाळ असेल तर बहुतेक कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंत घेतात आणि २८ नंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. पण प्रत्येकीचे नियम वेगळे असतात आणि ते परतीच्या तारखेलाही लागू होतात, हे बऱ्याच जणी विसरतात. प्रवासाचा विमा असेल तर त्यातली बारीक अक्षरं नवऱ्याला वाचायला दे. गरोदरपणातली गुंतागुंत कुठल्या आठवड्यापर्यंत धरली आहे आणि बाळ आधी जन्मलं तर त्याचा खर्च त्यात येतो का, या दोन ओळी शोधायला सांग. जिथे डासांमुळे झिका किंवा मलेरिया पसरतो, अशी जागा यादीत असेल तर ती राहू दे.

यादी लहान करण्याचा माझा एक हिशेब आहे, बघ पटतो का. बाळ झाल्यावरही तुम्ही चार महिने तिथेच आहात. अंग भरून यायला सुरुवातीचे आठवडे जातील, ऑपरेशन झालं तर जास्त. पण त्यानंतर सपाट रस्त्याची, बागेची, घराजवळची ठिकाणं बाबागाडी घेऊन होतील. ती आत्ता वापरून टाकू नकोस. आत्ता ते निवड, जे तान्ह्या बाळाला घेऊन जमणार नाही: शांतपणे बघायचं संग्रहालय, संध्याकाळची मैफल, जिथे एक रात्र राहावं लागतं असं एखादं गाव. आठांतून अशी तीन निघाली तरी पुष्कळ. २८व्या आठवड्यापर्यंत सहा शनिवार-रविवार आहेत, त्यात एकाआड एक धर. मधले दिवस झोपायचे, कारण पुढे झोप मिळणार नाही.

आईच्या बोलण्याकडे परत येते. "हे दिवस भटकायचे नाहीत" हे सोडून दे, पण तिचा दुसरा प्रश्न खरा आहे. काही झालं तर तिथे कोण आहे तुझं? त्याचं उत्तर तुझ्याकडे तयार हवं, तिच्यासाठी आणि तुझ्यासाठीही. निघण्याआधी त्या गावातलं प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय शोधून नंबर फोनमध्ये ठेव. फाइलची प्रत, रक्तगट, शेवटच्या सोनोग्राफीचा अहवाल आणि प्रसूतीची तारीख पर्समध्ये असू दे, शक्य तर तिथल्या भाषेतही. रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, एकदम लागलेली धाप, नेहमी जाणवणारी बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर हॉटेलवर जाऊन बघू असं म्हणायचं नाही. थेट रुग्णालय. हे सगळं आईला सांग. "जाऊ का?" असं विचारू नकोस. "इथे जातोय, हे रुग्णालय इतक्या मिनिटांवर आहे, रात्री आठला फोन करते," असं सांग. ती बडबड करेल. पण तू लपवतेस हे तिला तुझ्या आवाजावरून कळत असणार, आणि त्याने तिची काळजी दुप्पट होते.

राहिला नवरा. तो ही धावपळ का करतोय, असं तुला वाटतं? मला तुझ्या पत्रातून दिसतो तो माणूस घाबरलेला आहे. बाळ आलं की तुम्ही दोघं जसे आहात तसे राहणार नाही, मग तो देशही सुटणार, आणि तुला काहीतरी द्यायचं राहून जाईल, अशी त्याला धास्ती असावी. तुझ्या पोटात जे चाललंय ते त्याला दिसत नाही. तिकिटं काढणं, रस्ते शोधणं, वेळा जुळवणं हेच त्याच्या हातात आहे, म्हणून तो ते जीव तोडून करतो. त्याची हौस मोडेल म्हणून तू गप्प बसतेस, आणि तो एका वळणापुढे चालत राहतो. त्याला मागे वळून बघायला तुझी हाक लागेल. एक शब्द ठरवून घ्या, "बस" म्हटलं की बस. मग तिथेच परत फिरायचं, तिकीट वाया गेलं तरी. आणि तो शब्द त्यालाही वापरता यावा, कारण कधीतरी तोही थकलेला असेल आणि तुझ्यासाठी चालत असेल.

त्या दिवशी स्वच्छतागृहात दहा मिनिटं कशी काढलीस, हे आज संध्याकाळी त्याला सांग. यादी त्यानंतर काढ.

तुझी,
ताई