दोन एकरांत चितळ

प्रश्न : डॉक्टर, जुन्नर तालुक्यात माझं दोन एकरांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. ससे, शेळ्या, बदकं आहेत. पाहुण्यांची मुलं 'हरीण कुठंय?' विचारतात. चार चितळ आणि मोराची जोडी ठेवायचा विचार आहे. कुत्र्यांच्या तावडीतून सोडवलेली एक लांडोर महिनाभर आमच्याकडेच आहे. प्राणिसंग्रहालयाचा परवाना कुठं मिळतो?

उत्तर : आधी लांडोरीचं बोलू. ती सरकारची मालमत्ता आहे. असा प्राणी हाती आला की 48 तासांत वन खात्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. तुम्ही तिचा जीव वाचवलात, पण महिना झालाय. आजच वनपालांना फोन लावा.

तुम्ही ज्याला परवाना म्हणता त्याला कायद्यात मान्यता म्हणतात. ती दिल्लीचं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देतं. आधी पूर्वमंजुरी, मग बांधकाम, मग मान्यता. लोक नेमके इथंच चुकतात; जाळी ठोकून, उद्घाटनाची पत्रिका छापून मग माझ्याकडे येतात.

आराखडा काढायला बसलात की दोन एकर किती तोकडे ते कळेल. 2009 च्या नियमांनुसार प्राण्यांच्या आवारांनी एकूण जागेच्या 30 टक्क्यांहून जास्त जागा घ्यायची नाही, म्हणजे तुमच्या 80 गुंठ्यांतले 24. भोवती किमान दोन मीटर उंच भिंत. पशुवैद्यक हवा, नव्या प्राण्याला वेगळं ठेवायची सोय हवी, आणि आठवड्यातून एक दिवस पाहुण्यांना फाटक बंद. (तो रविवार नसावा, एवढं तुम्ही बघालच!) शिवाय चितळ बाजारात मिळत नाहीत. ते मान्यताप्राप्त संग्रहालयातून, प्राधिकरणाच्या परवानगीनं येतात.

खरं सांगू? वाघापेक्षा मी चितळाला जास्त भ्यायलो. नोकरीत असताना एकदा नव्या आवारात पाच चितळ सोडले. जाळी कोरी, बारीक तारेची. त्यांना ती दिसलीच नाही. कुठंतरी पत्रा वाजला आणि एक मादी भरधाव जाळीवर गेली. आम्ही पोचेपर्यंत मान मोडलेली. त्यानंतर पहिले पंधरा दिवस मी जाळीला गोणपाट बांधायला लावायचो.

पाळीव ससे, शेळ्या, बदकांना ही मान्यता लागत नाही. ते खुशाल ठेवा. मोर तुमच्या शिवारात तसेही दाणे टिपायला येत असतील. मुलांना पहाटे बांधावर नेऊन बसवा. गप्प बसवणं तेवढं तुमच्याकडे.