सावलीतल्या वाफ्याला युरिया आणि टॉनिक नको

प्रश्न असा आलाय: झाडाखालच्या वाफ्यात कोथिंबीर, पुदिना आणि तुळस लावलीय, काड्या लांबट झाल्यात, पानं फिकट पडलीत, दुकानदार म्हणतो युरिया द्या आणि वरून टॉनिक मारा, मारू का?

नका मारू. दादा, हा रोग नाहीये, उजेड कमी पडतोय म्हणून रोप उजेडाकडे ताणतंय, आणि उजेड काय बाटलीत भरून मिळत नाही. सावलीत युरिया पडला की वाढ अजूनच लुसलुशीत होते, काड्या लोळतात, मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो, पाठोपाठ भुरी (पानांवर पांढरी भुकटी आणणारा रोग), मग तोच दुकानदार माव्याचं औषध काढून देतो. टॉनिकमध्ये जिबरेलिक ॲसिड, म्हणजे वाढ लांबवणारं संजीवक, असलं तर काडी आणखी लांबते, म्हणजे जे दुखणं आहे तेच विकत आणायचं. दुप्पट डोस मारून बघू म्हणणारेही भेटतात, त्यांचे जळालेले वाफे बघून झालेत माझे.

आधी एक दिवस घड्याळ बघून वाफ्यावर ऊन किती तास पडतं ते मोजा. तीन-चार तास ऊन किंवा दिवसभर कवडसे पडत असले तर पुदिना, कोथिंबीर, पार्सली, पानओवा, आलं सगळं चालतं, उलट कडक उन्हाळ्यात अर्धवट सावलीत कोथिंबीर फुलावर लवकर जात नाही. तुळस, रोझमेरी, थाइम ही उन्हातली, उचला तिथून. दिवसभर गच्च सावली असेल तर झाडाच्या खालच्या फांद्या छाटा, ते जमणार नसेल तर तिथला नाद सोडा.

आता खरं नुकसान कुठे होतं तर पाण्यात. उन्हातल्या वाफ्याइतकंच पाणी सावलीत घालतात, तिथे ते लवकर वाळत नाही, मूळ कुजतं, रोप मान टाकतं आणि मग माणूस त्याला अजून पाणी घालतो! बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही म्हणजे नाही. द्यायचं तर सकाळी आणि मुळाशी, संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, गादीवाफा करा. वीतभर उंच, चांगलं कुजलेलं शेणखत आणि त्यात ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी), फक्त माती झाडाच्या बुंध्याला भिडवू नका, साल कुजते. कच्चं शेण अजिबात नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. धने पेरताना रगडून त्यांचे दोन भाग करून पेरा.

एका ताईंचा प्रश्न गोगलगायींचा. मीठ टाकू नका, माती खराब होते. ओलं गोणपाट रात्री वाफ्याशेजारी टाका, सकाळी उचलून खाली जमलेल्या वेचा. विषारी गोळ्या तर घरी कुत्रं असेल तर आणूच नका. माव्याला आधी पाण्याचा जोरदार फवारा, नाही गेला तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही ऊन उतरल्यावर. आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या आत भिनणारं कीटकनाशक नको, ही पानं कच्ची खायची आहेत.

शेडनेटच्या (सावलीसाठीच्या जाळीच्या) अनुदानाचं विचारलंय. झाडाची सावली आयती आहे, नेट कशाला?

पुढच्या वेळी नुसत्या पानांचा फोटो पाठवू नका, एक रोप उपटून मुळाचाही पाठवा. मूळ तपकिरी, बुळबुळीत दिसलं तर माझ्या उत्तराची वाट न बघता पाणी बंद करा.