‘एअर, लँड अँड सी’ आवडलाय, आता दोघांसाठी पुढचा खेळ कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला राहता, लेकरं झोपली की नवरा-बायको ‘एअर, लँड अँड सी’ या पत्त्यांच्या खेळाचे दोन-चार डाव टाकता, आणि आता तसाच दुसरा खेळ हवाय. म्हणजे मधे ठरावीक जागा, जिथे ज्याचं बळ जास्त ती जागा त्याची. दोघांतच रंगणारा आणि अर्ध्या तासात आटपणारा.

आधी एक सावधगिरी. नेटवर ‘एरिया मेजॉरिटी’ (अशा खेळांचं इंग्रजी नाव) शोधलंत की ‘एल ग्रांदे’ हमखास वर येतो. 1995 चा खेळ, 1996 चं जर्मनीतलं ‘श्पील देस यारेस’ पारितोषिक मिळालेला. खेळ बावनकशी आहे, पण तुमच्या कामाचा नाही. या प्रकारातली खरी गंमत ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ या म्हणीत आहे. दोघं एका प्रांतासाठी झुंजतात आणि तिसरा शेजारचा प्रांत गुपचूप खिशात घालतो. तिसरा नसला की उरते नुसती बेरीज: तुम्ही तीन ठेवले, मी चार, तुम्ही पाच. पेटीवर ‘2 ते 5 खेळाडू’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

दोघांच्या खेळात त्या तिसऱ्याची जागा कशानेतरी भरावी लागते. ‘एअर, लँड अँड सी’मध्ये ती दोन गोष्टी भरतात. एक, उलटा ठेवलेला पत्ता: कुठेही चालतो, बळ 2, खाली काय आहे ते फक्त ठेवणाऱ्याला ठाऊक. त्यात 18 पत्त्यांपैकी सहा वाटलेच जात नाहीत, त्यामुळे समोरच्याचा हात मोजून काढता येत नाही. दोन, माघार. आधी खेळणाऱ्याने हातात चार किंवा जास्त पत्ते असताना डाव सोडला तर समोरच्याला 2 गुण, दोन-तीन असताना सोडला तर 3, एकच उरल्यावर 4, आणि शेवटपर्यंत लढून हरला तर 6. (नंतर खेळणाऱ्याचं कोष्टक थोडं वेगळं आहे.) खेळ 12 गुणांचा. तुम्ही माघार न घेता प्रत्येक डाव शेवटपर्यंत ओढत असाल, तर नवा खेळ घ्यायच्या आधी महिनाभर माघार घेऊन खेळा. अर्धा खेळ अजून पेटीतच पडलाय.

तर यातलं तुम्हाला नेमकं काय भावतं, त्यावर पुढची निवड.

लपवाछपवी आवडत असेल तर ‘हानामिकोजी’. कोटा नाकायामा या जपानी रचनाकाराचा हा खेळ. मधे सात जागा, त्यांची किंमत 2, 2, 2, 3, 3, 4, 5, आणि प्रत्येक जागेचे पत्तेही तितकेच. एकूण 21. एक पत्ता न बघता बाजूला, दोघांना सहा-सहा, बाकीचे गड्डीत. आपली पाळी आली की एक पत्ता उचलायचा आणि चारपैकी एक चाल करायची. प्रत्येक चाल डावात एकदाच. एक पत्ता उलटा ठेवून शेवटी आपल्याकडे मोजायचा. दोन पत्ते उलटे ठेवून बाद करायचे. तीन उघडे मांडायचे, समोरचा एक घेणार, उरलेले दोन आपले. किंवा चार पत्त्यांच्या दोन जोड्या मांडायच्या, समोरचा एक जोडी उचलणार. शेवटी प्रत्येक जागेवर ज्याचे पत्ते जास्त ती त्याची, बरोबरी झाली तर त्या जागेच्या मालकीची खूण आहे तिथेच. चार जागा किंवा जिंकलेल्या जागांच्या किमतीचे 11 गुण झाले की जिंकला. दोघांपैकी एकाच्या चार जागा आणि दुसऱ्याचे 11 गुण झाले तर 11 वाला जिंकतो. कोणाचंच जमलं नाही तर खुणा तशाच ठेवून पुढचा डाव.

नवे लोक एक आणि दोन पत्त्यांच्या निर्धोक चाली आधी उरकतात आणि इथेच फसतात. हिशेब करून बघा: सहा अधिक एक, त्यातला एक गेला, उरले सहा. एक उचलला, दोन गेले, पाच. एक उचलला, तीन गेले, तीन. एक उचलला की हातात बरोबर चार, आणि शिल्लक चालही चारांचीच. निवडायला काही नाही, असतील ते चारही समोर मांडायचे. उलट मोठ्या चाली आधी केल्या तर शेवटचा लपवायचा पत्ता गड्डीतून येईल तो. म्हणजे शेवटची चाल कोणत्याही क्रमाने सक्तीचीच असते. कोणती सक्ती परवडेल ते दुसऱ्या चालीलाच ठरवायचं. जोड्या मांडताना दोन्ही अगदी सारख्या जमल्या (राणी-अठ्ठी, राणी-अठ्ठी) तर समोरच्याला निवडण्यासारखं काही उरतच नाही.

राणी-अठ्ठी म्हणालो, कारण हा खेळ विकत घेण्याआधी घरच्या पत्त्यांवर खेळून बघता येतो. एका कॅटमधून चार बादशहा आणि पाचवा म्हणून एक जोकर, ही 5 ची जागा. चार राण्या 4 ची. तीन गुलाम आणि तीन दश्श्या, या दोन 3 च्या. नव्व्या, अठ्ठ्या, सत्त्या दोन-दोन, या तीन 2 च्या. झाले 21. मधे सात चिठ्ठ्या मांडा, प्रत्येकीवर एक चिंचोका ठेवा, जो जिंकेल त्याच्याकडे सरकवा. पंधरा मिनिटांत कळतं आपल्याला मानवतो की नाही.

जागा अडवून धरण्यात मजा वाटत असेल तर ‘शॉटन टॉटन’. राइनर क्निझियाचा, 1999 चा. याचंच भावंड ‘बॅटल लाइन’, तिथे नऊऐवजी दहापर्यंत आकडे आणि वर दहा डावपेचांचे पत्ते. माझं मत विचाराल तर डावपेच वगळून खेळा; नीट रचलेली रांग एका पत्त्याने मोडते आणि राग पत्त्यांवर न निघता बायकोवर निघतो.

मधे नऊ दगड, प्रत्येक दगडापाशी दोघांचे तीन-तीन पत्ते. हातात सहा, एक लावायचा, एक उचलायचा. पाच दगड किंवा सलग तीन जिंकले की खेळ संपला. तीन पत्त्यांची प्रतवारी मात्र नीट पाठ करा, कारण तीन पत्ती खेळलेला माणूस इथे हमखास चुकतो. तीन पत्तीत ट्रेल सगळ्यात वर. इथे एकाच रंगाची सलग रांग सगळ्यात वर, मग तीन सारखे. तीन पत्तीत सीक्वेन्स कलरच्या वर. इथे एका रंगाचे तीन पत्ते साध्या रांगेच्या वर. जोडीला किंमत शून्य, मग फक्त बेरीज. एक्का म्हणजे 1, त्याचा रुबाब विसरा. सगळंच बरोबर आलं तर ज्याने तिसरा पत्ता आधी लावला त्याचा दगड.

यातला सगळ्यात देखणा नियम म्हणजे दावा. समोरच्याचे तीन पत्ते पूर्ण व्हायच्या आधीच, उघड्या पडलेल्या पत्त्यांवरून ‘तुम्ही आता मला हरवूच शकत नाही’ असं सिद्ध केलं तर दगड तुमचा. समजा तुमच्याकडे तीन नव्व्या आहेत. समोर बदामाची पंजी-छक्की पडलीय, पण बदामाची चव्वी आणि सत्ती आधीच दुसरीकडे लागल्यात. समोरची रांग मेली, दगड उचला. नवखे नऊही दगडांवर एकेक पत्ता टाकून बसतात आणि मग प्रत्येक उचललेला पत्ता कुठेतरी नुकसान करतो. दोन-तीन दगड मोकळे ठेवा, नको असलेले पत्ते टाकायला तीच जागा.

हाही घरी बनतो. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून एकाच छापाच्या दोन कॅट घ्या. पाठ सारखीच हवी. पहिलीतून चारही रंगांचे एक्का ते नव्वी, म्हणजे 36. दुसरीतून फक्त बदाम आणि इस्पिकचे एक्का ते नव्वी, म्हणजे 18. या 18 पत्त्यांच्या समोरासमोरच्या दोन्ही कोपऱ्यांत परमनंट मार्करने गोल काढा. ‘गोल बदाम’ आणि ‘गोल इस्पिक’ हे पाचवा-सहावा रंग. कागदी पत्त्यांत शाई पाठीवर उमटते, म्हणून प्लास्टिकचे घ्या आणि वाळेपर्यंत एकावर एक ठेवू नका. दगडांऐवजी नऊ चिंचोके.

पत्त्यांवर लिहिलेल्या करामती एकमेकांत अडकवायला आवडतात? मग ‘कंपाइल: मेन वन’ (2024). ‘एअर, लँड अँड सी’चा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच: तीन रांगा, उलट्या पत्त्याचं बळ इथेही 2. फरक असा की दोघं आधी प्रत्येकी तीन गट निवडतात, गटात सहा पत्ते, म्हणजे प्रत्येकाची 18 पत्त्यांची स्वतःची गड्डी. रांगेत बळ किमान 10 आणि समोरच्यापेक्षा जास्त झालं की ती रांग पक्की. तिन्ही आधी पक्क्या करणारा जिंकला. इंग्रजी मजकूर भरपूर आहे. एकालाच वाचायला सोपा जात असेल तर दुसऱ्याचा रस चौथ्या मिनिटाला संपतो, तेव्हा मराठी चिठ्ठ्या करून पत्त्यांच्या स्लीव्हमध्ये (पत्त्यावर चढवायच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घाला.

मजकूर अजिबात नको असेल तर ‘मंडला’ (2019). सहा रंग, प्रत्येकाचे 18 पत्ते, पट म्हणून कापड. मंडल म्हणजे पटावरची लढायची जागा: मधला डोंगर दोघांचा आणि दोन्ही बाजूंना आपापलं शेत. एखादा रंग त्या मंडलात एका ठिकाणी पडला की बाकीच्या दोन ठिकाणी तो बंद. सहाही रंग आले की ज्याच्या शेतात पत्ते जास्त तो डोंगरातला रंग आधी निवडतो. गोम अशी की कुठल्या रंगाला किती गुण हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि जो रंग तुम्ही उशिरा पहिल्यांदा घेता त्याची किंमत जास्त. त्यामुळे कधीकधी हरून दुसरा नंबर घेणंच फायद्याचं. या यादीतला सगळ्यात शांत आणि सगळ्यात खडूस खेळ.

पावलो मोरीचा ‘सीझर!’ही चांगला. सोंगटी दोन प्रांतांच्या हद्दीवर ठेवायची, तिचा एक आकडा इकडे, दुसरा तिकडे, आणि शेवटची सोंगटी ठेवून प्रांत बंद करणाऱ्याला वरकड बक्षीस. म्हणून दोघंही शेवटून दुसरी सोंगटी ठेवायला कचरतात. ‘द किंग इज डेड’ चारांपर्यंत चालतो, पण दोघांत जास्त टोकदार. आख्ख्या खेळात प्रत्येकाला आठच पत्ते, आणि प्रत्येक पत्त्यामागे पटावरचा एक समर्थक उचलून स्वतःकडे घ्यावाच लागतो, म्हणजे ज्या गटावर पैज लावता त्यालाच कमजोर करता. ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ (2005) याच कुळातला थोरला, पण दोन-तीन तास लागतात. लेकरं आजोळी गेल्यावर.

दोन खरेद्या टाळा. ‘क्रिटर्स ॲट वॉर’ हा तुमच्याकडे आहे तोच खेळ, चित्रं फक्त प्राण्यांची. आणि ‘जयपूर’ दोघांचा उत्तम खेळ असला तरी व्यापाराचा आहे, जागा जिंकायचा नव्हे.

पत्त्यांबद्दल शेवटचं. उन्हाळ्यात कूलरसमोर खेळाल तर ओलसर वाऱ्याने पत्ते धनुष्यासारखे वाकतात, पंख्याखाली उलटा पत्ता उडून उघडा पडतो. 18 पत्त्यांच्या खेळात तर एकाचा जरी कोपरा दुमडला तरी आठवड्याभरात दोघांनाही तो पाठीवरून ओळखू येतो, आणि उलट्या पत्त्याचा सगळा खेळ तिथेच खलास. अपारदर्शक पाठीचे स्लीव्ह घाला, सगळ्या अठराला एकदमच. एखादा फाटला तर त्याला एकट्याला नवा घालू नका. नवं कोरं चकचकीत स्लीव्हही तितकंच चहाडी करतं.