छोट्या खोलीत मणी, हुक, कड्या असं बारीक सामान कसं लावावं?

आधी डबे विकत घेऊ नका. सगळं सामान एका चादरीवर ओता, प्रकार मोजा आणि मगच कप्पे ठरवा.

२ मिमीच्या बारीक मण्यांसाठी सरकत्या पट्ट्यांचा डबा टाळाच. पट्टी आणि झाकण यांच्यात फट राहते, डबा आडवा झाला की रंग एकमेकांत मिसळतात. घेण्याआधी एकाच कप्प्यात दहा-बारा मणी टाकून डबा उलटा हलवून पाहा. फिरकीच्या झाकणाच्या पारदर्शक बाटल्या सगळ्यात भरवशाच्या. त्या तोंडोतोंड मात्र भरू नका, बोटभर जागा ठेवली तर मणी परत ओतताना सांडत नाहीत.

खण उथळ हवेत, ४-५ सेंमी पुरे. खोल खणात सामानावर सामान चढतं आणि खालचं विसरून दुसऱ्यांदा विकत आणलं जातं (हे हमखास होतं). लेबल झाकणावर नको, पुढच्या बाजूला लावा, झाकणं बदलतात.

चांदीच्या तारेला रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. झिप पिशवीतली हवा काढून त्यात ठेवा.

रोज लागणारं हाताच्या टप्प्यात, बाकीचं वर.