प्रिन्सिपॉल म्हणतात कायद्याने हात बांधलेत, पण तारीख बघा आधी

अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॅशव्हिलजवळ राहणाऱ्या एका ताईंचा मेल आलाय. मुलगी पब्लिक हायस्कूलमध्ये. मागच्या ऑक्टोबरात बायोलॉजीच्या सरांनी उत्क्रांतीची 'दुसरी बाजू' म्हणून वर्गात झेरॉक्स वाटली, त्यात पृथ्वी सहा हजार वर्षांची आणि माणूस आहे तसाच निर्माण झाला असं लिहिलेलं. ताईंनी प्रिन्सिपॉलना फोन केला, ते म्हणाले टेनेसीच्या २०१२च्या कायद्यामुळे आम्ही टीचरला अडवू शकत नाही. आता ऑगस्ट उजाडलाय आणि ताई विचारतायत, काही करता येईल का. असे मेल मला सारखे येतात.

ताई, सरकारी शाळेत सायन्स म्हणून बायबल चालत नाही हे १९८७ला सुप्रीम कोर्टात ठरलंय, ते परत सांगत बसत नाही. प्रिन्सिपॉलनी तुम्हाला कायदा अर्धाच सांगितला. कोर्समध्ये असलेल्या थिअरीच्या वैज्ञानिक जमेच्या आणि कच्च्या बाजू टीचर मांडत असेल तर त्याला अडवू नका, असं कायदा म्हणतो खरं, पण तेही राज्याच्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत, आणि शेवटी स्वच्छ लिहिलंय की संरक्षण फक्त वैज्ञानिक माहितीला आहे, कुठल्याही धार्मिक मताचा प्रचार असा अर्थ यातून काढायचा नाही. सहा हजार वर्षं ही उत्क्रांतीची कच्ची बाजू नव्हे, तो बायबलवरून केलेला हिशोब आहे. म्हणजे त्या झेरॉक्सला हा कायदा वाचवत नाही.

कायदाच रद्द करा म्हणून कोर्टात जायचं तुमच्या डोक्यात आहे, ते सोडा. टेनेसीचा १९७३चा कायदा सहाव्या सर्किटने (टेनेसी ज्याच्या हद्दीत येतं ते फेडरल अपील कोर्ट) १९७५ला उडवला कारण त्यात जेनेसिसचं, म्हणजे बायबलमधल्या सृष्टीच्या कथेच्या भागाचं, नावच घातलेलं होतं. २०१२वाल्यांनी ती चूक केली नाही. तेव्हाचे गव्हर्नर हॅसलम यांनी त्या २०१२च्या कायद्यावर सही केली नव्हती, पण सहीशिवायही तो लागू झाला.

दावा करायचा तर त्या झेरॉक्सवरून, आणि तिथे खरा प्रश्न तारखेचा आहे. नागरी हक्कांच्या असल्या दाव्याला टेनेसीत मुदत एक वर्ष, त्यातले दहा महिने तुम्ही 'बघू, मुलीचे मार्क जातील' म्हणत घालवलेत! मुलगी अल्पवयीन असल्याने तिचा स्वतःचा हक्क बहुधा अठरापर्यंत शाबूत राहील, पण पालक म्हणून तुमचा ऑक्टोबरात जाईल. आणि मुलीचा तो कोर्स मे महिन्यातच संपला, त्यामुळे 'यापुढे असं शिकवू नका' ही ऑर्डर तिच्या नावावर मिळणं अवघड. विद्यार्थी शाळेतून बाहेर पडला म्हणून १९५२ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकलीच नाही. २०२१च्या निकालाने थोडी वाट उघडली, झालेल्या गोष्टीसाठी एक डॉलर नुकसानभरपाई मागितली तरी केस जिवंत राहते. तुमचा धाकटा पुढच्या वर्षी त्याच शाळेत जाणार असेल तर तेही आत्ताच लिहून ठेवा.

मला सगळ्यात राग आला तो फोनचा. एका टीचरने काही वाटलं म्हणून अख्खं स्कूल डिस्ट्रिक्ट (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) जबाबदार ठरत नाही, त्यांचं धोरण किंवा रूढ पद्धत दाखवावी लागते, आणि फोनवर बोललेलं कोण सिद्ध करणार? म्हणून याच आठवड्यात डायरेक्टर ऑफ स्कूल्स (डिस्ट्रिक्टच्या शाळांचे प्रमुख) आणि स्कूल बोर्डाला लेखी तक्रार द्या. झेरॉक्सचा फोटो (मुलीच्या जुन्या फाइलमध्ये शोधा, टाकून दिली असेल तर वर्गातल्या कुणाकडे तरी असेल), तारीख, प्रिन्सिपॉलचं वाक्य जसंच्या तसं, आणि लेखी उत्तर द्या ही मागणी. त्यांनी लेखी दिलं की हो, आम्ही असंच चालवतो, तर तोच तुमच्याकडे त्यांच्या धोरणाचा पुरावा.

जिंकाल का, हे मी छातीठोक सांगणार नाही. २०२२ला सुप्रीम कोर्टाने सरकारने धर्माची बाजू घेतली का हे तपासायची जुनी कसोटी टाकून दिली, त्यामुळे १९८७चा निकाल कसा वाचला जाईल यावर वकिलांचंच एकमत नाही. शिवाय कोर्ट हळू. पेनसिल्व्हेनियात डोव्हरच्या शाळांची अशीच एक केस वर्षभरात, २००५च्या डिसेंबरात निकाली निघाली, तो अपवाद समजा.

एच-१बी व्हिसावर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहोत म्हणून घाबरू नका, हा हक्क नागरिकांपुरता नाही, आणि फेडरल कोर्टाच्या कागदांत अल्पवयीन मुलीची फक्त आद्याक्षरं जातात. तुमचं नाव मात्र बहुधा उघड राहील, ते घरात आधी बोलून घ्या. तक्रार गेली की टेनेसीत लायसन्स असलेला वकील सप्टेंबरच्या आत गाठा.